आमच्या पेटीतलं छत्रीचं मत

आता निवडणुका दिवाळीच्या आगेमागे येतात. सोयाबीन घरात येऊन पडलेलं असतं, तूर फुलावर असते, आणि गल्लीतून भोंग्यांच्या गाड्या एकीमागे एक जात असतात. मी शाळेत जातो, रांगेत उभा राहतो, बटण दाबतो. यंत्र एक लांब सूर काढतं आणि माझं मत झालेलं असतं. त्या सुरानं मी दरवेळी थोडा दचकतो. मत देताना आवाज होऊ नये, असं माझ्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं आहे.

माझ्या मनातली निवडणूक अजून माघातच होते. थंडी सकाळपुरती उरलेली असते आणि दुपारी सावलीत बसलं तर घोंगडं नको, उन्हात बसलं तर टोपी हवी, असे ते दिवस. खळ्यावर ज्वारीची कणसं पडलेली. कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, बोंडं लहान, कापूस पिवळट, आणि वेचणाऱ्या बायांचं बोलणं मात्र सरत्या हंगामात जास्तच मोकळं. हरभऱ्याच्या घाट्यांनी बोटं आंबट झालेली. नाल्याच्या काठचे पळस पेटायला आलेले. आणि या सगळ्यावर आंब्याच्या मोहराचा तो वास, जो नाकाला लागतो आणि शोधायला गेलं की हरवतो. त्यात मधूनच एखादी जीप यायची. जीप निघून जायची, पण तिची धूळ जायची नाही. ती बराच वेळ बाभळींच्या शेंड्यांशी सोनेरी होऊन लटकत राहायची, आणि आम्हाला वाटायचं, निवडणूक म्हणजे हेच.

आमचं गाव जानेफळपासून तीन कोसांवर. आमच्या मतदारसंघाचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात निवडून आलेल्यांची नावं असतील, पडलेल्यांची असतील, मतांचे आकडे असतील. गावाच्या ध्यानात यातलं काही राहत नाही. पहिल्यांदा मतं दिली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. दुसऱ्यांदा दिली तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात. मी सांगतोय ती तिसरी, महाराष्ट्र झाल्यानंतरची पहिली. मारुतीचं देऊळ, चावडी, नाला, सगळं होतं तिथेच होतं. माझे बाबा म्हणायचे, "आपून तं बसल्या जागी तीन राज्यं फिरलो बे. जत्रेलेबी इतकं फिरलो नाई कधी."

गाव निवडणुका ओळखायचं ते दुसऱ्याच खुणेनं. पहिली ती विहिरीची निवडणूक. दुसरी शाळेची. आणि ही पुलाची. त्याआधीच्या भादव्यात नाल्यानं एक बैलगाडी बैलांसकट नेली होती. गाडीवान वाचला, पण पुढे कित्येक महिने तो नाल्याकडे पाठ करून बसायचा. त्यामुळे पूल हा शब्द त्या माघात आमच्याकडे देवाच्या नावासारखा उच्चारला जात होता.

पुलाचा शब्द दिला दादासाहेबांनी. दादासाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे जमीनदार, तराजू या चिन्हावर उभे. ते पारावर बसले, चहा घेतला, आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "पूल होईल. पण मले सारं गाव पाहिजे. पेटी गावागावाची वेगळी मोजतात, एक जरी मत फुटलं तरी मले समजते." धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. घरच्या माणसानं घरच्यांना सांगावं, तसं ते बोलले.

ते गेल्यावर सरपंच वामनकाकांनी गाव महादेवाच्या देवळात नेलं. आमच्याकडे मोठा शब्द द्यायचा असला की बेल उचलतात. पिंडीवरचं बेलाचं पान उजव्या हातात घ्यायचं आणि बोलायचं. मग तो शब्द माणसाचा राहत नाही. प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषानं बेल उचलला आणि घरातली सगळी मतं तराजूला देईन असं सांगितलं. आमच्या घरचा बेल बाबांनी उचलला. मी त्यांच्या मागे उभा होतो. गाभाऱ्यात पाण्याचा, भस्माचा आणि ओल्या पानांचा गारवा होता. बाबांचा हात नांगरावर असतो तसा स्थिर होता. मला आठवतं, तेव्हा मी मनातल्या मनात एक हलकट हिशेब केला होता. मी कुठे बेल उचलला?

कारण समोर छत्री या चिन्हावर डाकवाले नाना उभे होते.

नाना या टापूत आयुष्यभर टपाल वाटत फिरले होते. पायी. पिंपळगाव राजाकडचं त्यांचं मूळ घर, पण घर म्हणावं असं त्यांना ती खाकी पिशवीच होती. टपाल द्यायचं आणि निघायचं, असं त्यांना कधी जमलं नाही, कारण ज्याच्या हातात पत्र द्यायचं त्याला वाचता येत नसे. मग नाना ओट्यावर बसून वाचून दाखवत. लग्न जमल्याची, मोडल्याची, माणूस गेल्याची, पलटणीतल्या पोराची खबर आधी नानांच्या डोळ्यांत यायची आणि मग त्यांच्या तोंडून. पण एका घरचं अक्षर त्यांनी दुसऱ्या घरी कधी नेलं नाही. पन्नास गावांची गुपितं पोटात घेऊन हा माणूस उन्हातान्हातून चालत होता आणि पोट कधी फुगलेलं दिसलं नाही. नोकरी संपल्यावर त्यांना वाटलं, इतकी वर्षं लोकांचं वाचलं, आता लोकांचं कोणाला तरी जाऊन सांगावं. म्हणून उभे राहिले. जीप नाही, भोंगा नाही. पूर्वीच्याच वाटांनी चालत यायचे आणि म्हणायचे, "यंदा टपाल नाई आणलं. यंदा मीच आलो."

मी अमरावतीला कॉलेजात होतो तेव्हा महिन्याला एक कार्ड घरी टाकायचो. ते माय नानांकडून दोनदा वाचून घ्यायची. पहिल्यांदा ऐकायला आणि दुसऱ्यांदा कामाचा हात थांबवून. बी.ए. पास झाल्याचं कार्डही नानांनीच वाचलं. गावात कोणी पदवीधर झाला नव्हता, आमच्या सगळ्या सोयऱ्यांत नव्हता. माय सांगायची, नानांनी तेवढं एक कार्ड मात्र बसून वाचलं नाही, उभं राहून वाचलं. हे मी आज लिहितोय आणि आजही माझी छाती थोडी फुगते. फुगू द्या. आमच्या आजोबांना अंगठा उठवताना पाहिलेल्या माणसाला एवढा अधिकार आहे.

तर मी बी.ए. होऊन गावात आलेलो, नोकरीचे अर्ज पाठवलेले, आणि हातात काम नाही. वामनकाकांनी मला काम दिलं. मत द्यायची रीत यंदा बदलली होती. आधी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवरचं चित्र पाहायचं आणि चिठ्ठी आत सोडायची. आता पेटी एकच, आणि एका कागदावर साऱ्यांची चित्रं. आपल्या चित्रावर रबरी शिक्का मारायचा. गाव बावरलं होतं. तेव्हा गावाला शिकवायचं मी.

काय ते दिवस होते! रोज तिसऱ्या प्रहरी पारावर माझी शाळा भरायची. बटाटा कापून त्याचा शिक्का केला, गेरू कालवला, जुन्या वर्तमानपत्रांवर रकाने आखले. म्हातारे धोतराला हात पुसून यायचे आणि जीव एकवटून शिक्का मारायचे. बाया आधी लाजायच्या, मग एकमेकींना ढकलायच्या. पारावरच्या कडुलिंबाची पानगळ चालू होती. शिक्का मारता मारता कागदावर पान येऊन पडायचं आणि त्याच्यावरच गेरू उठायचा. मला अजून तो गेरूचा ओला वास आणि ती पिवळी पानं दिसतात. पुढे मास्तर होऊन इतिहास शिकवताना मला जी काही ऐट आली असेल, ती तिथे सुरू झाली.

"हे पाहा," मी सांगायचो, "शिक्का रकान्याच्या मधात. रेघेवर गेला का मत बाद. आन घडी उभी घालायची. आडवी घातली का शाई पलटते."

"उभी म्हंजे लुगड्याची घालतो तशी?" गिरजामायनं विचारलं. ही शेजारच्या मळ्याची म्हातारी, तिखट जिभेची.

"हाव, माय. तशीच."

"मंग याच्यासाठी बीए कायले व्हा लागते रे बाप्पा?"

सगळा पार हसला. मीही हसलो, पण थोडा कमी.

मतदान शाळेत होतं. बाया धुतलेली लुगडी नेसून, कपाळं भरून, सणाला निघाल्यासारख्या निघाल्या. गिरजामायनं पेटीला हळद-कुंकू लावायला हात पुढे केला तेव्हा मतदान घ्यायला आलेला साहेब दचकून उठला. माझी माय रांगेत उभी होती. पुढे सरकताना ती आपली पाळी आली की काय, हे पुन्हा पुन्हा पाहत होती. बोटाला शाई लावून घेतल्यावर तिनं ते बोट दिवसभर इतर बोटांपासून वेगळं धरलं.

कोपऱ्यात घोंगडं टांगून आडोसा केला होता. त्याच्या आत मी गेलो. बाहेरचं बोलणं एकदम लांब गेलं, नदीच्या पलीकडून यावं तसं. घोंगड्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके कागदावर पडले होते. वर तराजू आणि त्याच्या लगेच खाली छत्री. मी शिक्का उचलला. बाबांचा स्थिर हात आठवला आणि उभं राहून कार्ड वाचणारे नाना आठवले. बाहेर वामनकाका खोकले. माझा हात छत्रीकडे गेला, आणि टेकता टेकता, कसा ते मला आजवर कळलं नाही, किंचित वर सरकला.

शिक्का बरोबर रेघेवर उठला. अर्धा तराजूच्या घरात, अर्धा छत्रीवर.

मी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. मग कागदाची उभी घडी घातली, अगदी रीतीप्रमाणे, आणि पेटीत सोडला.

मोजणी मेहकरला तहसील कचेरीत झाली. दादासाहेबांच्या बाजूनं आमच्या गावच्या पेटीवर नजर ठेवायला कोण? अर्थात मी. शिकलेला मीच होतो. नानांच्या बाजूनं नाना स्वतःच बाकावर येऊन बसले होते, आणि गाव कोणतंही असो, पेटी फुटली की कौतुकानं पाहत होते. आमच्या गावचे कागद टेबलावर ओतले तेव्हा त्यांचा एक हलका खसखस आवाज झाला, वाळलेली कणसं सुपात ओततात तसा. कारकून घड्या उलगडू लागला. तराजू. तराजू. तराजू. मला एकीकडे गावाचा अभिमान वाटत होता आणि एकीकडे माझाच कागद केव्हा येतो म्हणून मी प्रत्येक घडीवर नजर लावून होतो.

तो आला. मोजणीच्या साहेबानं उजेडाकडे धरला आणि आम्हा दोघांना दाखवला. "रेघेवर आहे. दोन्हीकडे सारखा. बाद करू?"

नानांनी चष्मा वर केला, कागद जवळून पाहिला, पत्ता पुसट असलेलं पाकीट पाहावं तसा.

"करा साहेब," ते म्हणाले. "ज्यानं मारला त्याचा हात थरथरला असन. त्याले काई बोलू नका."

जणू तो माणूस त्या खोलीतच होता.

आणि मग, गठ्ठा संपत आलेला असताना, कारकून थांबला. छत्री. शिक्का रकान्याच्या मधोमध, स्वच्छ, एकाही बाजूला न सांडलेला. आमच्या पेटीतलं छत्रीचं ते एकच मत. नानांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली फक्त.

दादासाहेब निवडून आले. पूल पुढे झालाही. पुढच्या निवडणुकीनंतर नव्हे, त्याच्याही पुढच्या. आज त्यावरून ट्रक जातात आणि ड्रायव्हरांना खाली नाला आहे हेही कळत नसेल. पण तो माघ संपता संपता गावाला पुलाचा आनंद झालाच नाही, कारण दादासाहेबांच्या माणसानं जीपमधून न उतरता हसत विचारलं होतं, "एक छत्री उडाली म्हणे तुमच्या गावातून?" बस, एवढंच. वामनकाका त्या दिवशी जेवले नाहीत. मत गेलं त्याचं दुःख नव्हतं, बेल मोडला होता. बाद मताविषयी कोणी विचारही केला नाही. "असन एखाद्या म्हातारीचं," म्हणाले. मी मान डोलावली. गावातला एकच शिकलेला आणि गावातलं एकच बाद मत, ही जोडी कोणाच्या डोक्यात आली नाही, आणि मी ती येऊ दिली नाही.

छत्रीचा आळ गेला तो बळीरामवर. बळीराम गिरजामायचा जावई. मूळचा उंद्रीचा, लग्नानंतर सासुरवाडीला येऊन राहिलेला. म्हातारीच्या मळ्यात तो वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा, आणि त्याच्या हातची मिरची बाजारात बसल्या जागी संपायची. घरात पुरुष तोच, म्हणून बेलही त्यानंच उचलला होता. पण प्रचाराला आलेले नाना त्याच्या ओट्यावर जेवले होते, ते चार जणांनी पाहिलं होतं. शिवाय तो बाहेरचा. एवढं पुरे झालं.

विहीर सामाईक होती. एक दिवस वामनकाकांची मोट, एक दिवस आमची, एक दिवस बळीरामची. पारावर सगळे बसलेले असताना काकांनी सांगून टाकलं, "बळीराम, आजपासून तुही पाळी बंद. खरं सांगशीन तवा लाव मोट."

"काका, मिरची फुलावर आहे. आठ दिवसांत जळन."

"म्हून तं म्हणतो, खरं सांग."

"खरंच सांगून राह्यलो ना जी. तराजूलेच मारला मी."

"मंग छत्रीवर काय भुतानं मारला?"

मी तिथे होतो. मी गप्प राहिलो. नोकरीचं पत्र येणार होतं, मी जाणार होतो, आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न, असं मनाला सांगितलं. शिक्षणानं माणसाला अशी कारणं फार लवकर सुचतात.

आमच्या शेताची वाट त्या मळ्यावरून जायची. पहिली पाळी चुकली तेव्हा मिरची दुपारीच तेवढी मान टाकायची आणि सकाळी पुन्हा उभी राहायची. दुसरी पाळी चुकली आणि ती सकाळीही उठेना. पांढरी फुलं देठासकट वाफ्यात पडू लागली. बळीराम बांधावर बसलेला असायचा. मला पाहिलं की म्हणायचा, "ये भाऊ, बस," आणि सरकून जागा करायचा. त्या जागेवर मी बसू शकलो नाही. समोरच्या पळसावर तोवर फुलंच फुलं झाली होती, पान एकही नाही. इतक्या सुंदर दिवसांत मी असा खाली मान घालून चाललेला होतो, याचंच मला आता नवल वाटतं.

पाचव्या दिवशी तो पुन्हा पारावर आला. हातात उपटलेलं एक झाड होतं. त्यानं ते काकांसमोर ठेवलं. आणि मी उठलो.

"काका, त्याले पाणी द्या. छत्रीवर शिक्का मी मारला."

बोललो आणि माझे मलाच दोन आवाज ऐकू आले. हे खोटं होतं, कारण ते स्वच्छ मत माझं नव्हतं. हे खरंही होतं, कारण माझा हात तिकडेच निघाला होता. आणखी एक गोष्ट होती, ती इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही. फुटलेलं मत माझं म्हणणं मला जमलं, बाद मत माझं म्हणणं जमलं नसतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं. आमच्या घरचा बेल त्यांनी उचललेला होता. बळीरामला सोडवताना मी कोणाला पुढे केलं, ते मला तेव्हा समजलं.

बाबा सावकाश उठले. "पोट्टा खोटं बोलून राह्यला," ते म्हणाले. "छत्रीवर मी मारला."

"तू? तू तं बेल उचलला होता ना बे?"

"हाव. उचलला होता."

"नाई जी," बळीराम एकदम पुढे आला, "यायच्यावर नका घेऊ. माझंच होतं. आता तं झालं?"

"अरे, मत एक आन धनी तीन?" काकांचा आवाज चढला. "छत्री होती का मांडव होता?"

तेवढ्यात पाराच्या कडेनं घागर घेऊन चाललेली गिरजामाय थांबली. घागर कमरेवरून काढून तिनं खाली ठेवली. "काऊन भांडता रे बाप्पा? छत्रीवर मी मारला. चांगला मधात मारला, या बीएनं शिकवला तसा."

"म्हातारे, गावाचा बेल मोडला तू?"

"मले कोणं बेल देला होता? देवळात तुमी गडीमाणसं गेले. आमी तं बाहीर चपला राखत होतो. बाया कोणी उचलला बेल? सांग ना. गावात जितके गडी तितक्या बाया, आन बळीरामचंच पाणी काऊन तोडता? साऱ्या बायांचं तोडा. मंग पाणी भरन कोण, तेबी सांगून ठेवा."

मागून कोणीतरी बाई हसली. मग आणखी एक. वामनकाकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. एवढ्या मोठ्या शब्दातून अर्धं गाव आपण बाहेर ठेवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. बराच वेळ ते त्या उपटलेल्या झाडाकडे पाहत बसले.

"बळीराम," शेवटी ते म्हणाले, "आज माही पाळी आहे. ते तू घे. जाय, लाव मोट."

त्या संध्याकाळी बाबा आणि मी शेतातून परत येत होतो. मोटेच्या चाकाची कुरकुर वाऱ्यावर येत होती, आणि पाणी पडल्याचा धबधब आवाज. बाबा म्हणाले, "ते बाद झालेलं तुहं होतं ना?"

मी चालत राहिलो.

"मले वाटलंच. पाटीवरबी तू रेघ सोडून कधी लिहलं नाई."

"आन छत्रीवरचं तुमचं होतं?" मी विचारलं.

"बैलायले पाणी दाखव आधी," ते म्हणाले.

बाबा गेले, गिरजामाय गेली, वामनकाका गेले. कोणी काही सांगितलं नाही. माझ्या मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत मी मुलांना सांगत आलो की मत गुप्त असतं, आणि प्रत्येक वेळी माझा आवाज जरा खाली यायचा. कायद्यानं गुप्त असणं वेगळं. बाप-लेक एका ताटात जेवतात आणि गुप्त राहतं, ते वेगळं.

शिमग्याच्या थोडं आधी नाना आले. प्रत्येक गावात जाऊन ते आभार मानत होते. निवडून आलेला माणूस आला नव्हता, पडलेला आला. पारावर सगळे थोडे ओशाळून उठले. काकांनी चहा मागवला आणि घुटमळत म्हणाले, "नाना, आमच्या गावातून तुमाले एकच..."

"हाव ना," नाना म्हणाले. "त्याच्यासाठीच तं आलो. कोणाचं हे मात्र मले सांगू नका. पत्ता नसलेलं टपाल आहे ते. घरोघर दाखवा लागते."

चहा घेऊन ते उठले आणि गल्लीच्या पहिल्या दारापाशी जाऊन उभे राहिले. हात जोडले. दार उघडं होतं, आत कोणी दिसत नव्हतं, तरी जोडले. मग दुसरं दार. मग तिसरं. वामनकाकांच्या दारी, बळीरामच्या दारी, कुलूप असलेल्या दारीसुद्धा. ऊन उतरत होतं. बाया उंबऱ्यात येऊन उभ्या राहत होत्या आणि नाना पुढे सरकले तरी तशाच उभ्या राहत होत्या.

आमच्या दारी आले तेव्हा बाबा ओट्यावर होते, मी खांबाशी, आणि माय पिठाचे हात तसेच घेऊन आतून आली होती. नानांनी हात जोडले. आम्ही तिघांनीही जोडले. नाना थोडं थांबले, तिघांकडे सारखंच पाहिलं आणि शेजारच्या दाराकडे गेले. आम्ही मात्र एकमेकांकडे न पाहता, हात तसेच ठेवून, कितीतरी वेळ उभे होतो.